आधी तक्ता, मग नकाशा: मानव्यविद्येच्या संशोधनासाठी क्यूजीआयएस कसं वापरायचं

सोलापुरात इतिहास, मराठी, समाजशास्त्र अशा विषयांत पीएचडी करणारे क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर शिकायला बसतात तेव्हा बहुतेकांचे पहिले काही दिवस एकाच पद्धतीने वाया जातात. सॉफ्टवेअर उतरवायचं, मागे ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा मोफत नकाशा लावायचा, सोलापूर शोधायचं आणि माउसने ठिपके ठेवत सुटायचं. महिन्याभरात शंभर-दीडशे ठिपके होतात. मग मार्गदर्शक विचारतात, ‘हा ठिपका कशावरून ठेवला?’ आणि उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं.

इथे दिलेला क्रम त्यासाठीच आहे. सॉफ्टवेअर चौथ्या टप्प्यावर उघडायचं, त्याआधी नाही. उदाहरण म्हणून एकच काम धरू: गिरणी कामगारांच्या मुलाखती आणि जुनी कागदपत्रं यांवरून सोलापुरातल्या कामगार वस्त्यांचा नकाशा. तुमचा विषय नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग असो, १९३० च्या मार्शल लॉमधल्या घटना असोत की ओव्यांत येणारी गावं, पायऱ्या याच.

टप्पा १: प्रश्न ‘कुठे’चा आहे का, ते ठरवा

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘कामगार मिलपासून किती अंतरावर राहत होते?’ हा नकाशाचा प्रश्न. ‘कामगारांचं जीवन कसं होतं?’ हा नाही. त्यावर कितीही ठिपके टाकले तरी उत्तर मिळणार नाही. उत्तर साध्या यादीतून तितकंच स्पष्ट होत असेल तर यादीच द्या.

मग आपली ठिकाणं कोणत्या आकाराची आहेत ते ठरवा. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली मानली जाणारी ६८ लिंगं हे बिंदू. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या वाटेने जातात ती रेषा. सोलापूरचा ‘पूर्वभाग’ हा प्रदेश, आणि त्याची कड कुणीच नक्की सांगू शकत नाही. बिंदू, रेषा आणि प्रदेश एका लेयरमध्ये, म्हणजे नकाशाच्या एका थरात, राहत नाहीत, म्हणून तीन आकार असतील तर तक्तेही तीन.

टप्पा २: तक्ता

एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे जाऊ द्या. एक्सेल किंवा लिबरऑफिस, जे असेल ते चालेल. एका ओळीत एका ठिकाणाचा एकच उल्लेख. चौघांनी एकाच चाळीबद्दल सांगितलं असेल तर चार ओळी करा. एकत्र करणं नंतर सोपं असतं, एकदा मिसळलेलं वेगळं करणं जवळजवळ अशक्य.

किमान हे रकाने हवेत: क्रमांक, साधनातलं नाव, आजचं नाव, रेखांश, अक्षांश, कालावधी सुरू, कालावधी शेवट, साधन, पान किंवा मुलाखतीतली वेळ, खात्री, शेरा. रकान्यांची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मधे जागा न सोडता ठेवा. आतला मजकूर खुशाल मराठीत.

‘साधनातलं नाव’ आणि ‘आजचं नाव’ हे दोन रकाने कधीही एक करू नका. माझ्या पहिल्या कामात मी जुनी नावं पुसून त्या जागी आजची लिहिली होती. पुढे दोन वाड्या एकच आहेत की वेगळ्या असा प्रश्न आला, तेव्हा सगळे दप्तर पुन्हा पहिल्यापासून चाळावे लागले. साधनात जे जसं लिहिलंय किंवा माणूस जसं बोललाय, तसंच पहिल्या रकान्यात जाऊ द्या. ‘शोलापूर’ असेल तर शोलापूर. ‘जुन्या मिलच्या मागं’ असेल तर तेच शब्द.

खात्रीसाठी तीन श्रेणी पुरतात. क म्हणजे नेमकी जागा माहीत: आपण तिथे जाऊन आलो किंवा दोन स्वतंत्र साधनं जुळतात. ख म्हणजे पेठ किंवा गल्ली कळते, घर नाही. ग म्हणजे फक्त गाव कळतं किंवा आपला अंदाज आहे. ‘कन्ना चौकाच्या अलीकडं’ असं कुणी सांगितलं तर ते ‘ख’. अलीकडं म्हणजे कुठून येताना, हे विचारून शेऱ्यात लिहा. श्रेणी ओळ भरतानाच द्यायची. नंतर देऊ म्हटलं की सगळंच ‘क’ वाटायला लागतं, कारण तोवर ठिपका डोळ्यांसमोर असतो. नकाशावरचा प्रत्येक ठिपका सारख्याच ठामपणे बोलतो. तुमची शंका तिथे पोहोचायची असेल तर ती तक्त्यातूनच जावी लागते.

*सावधान:* तारखांच्या रकान्यात ‘सुमारे १९३०’ लिहू नका. सुरू १९२८, शेवट १९३२ असं लिहा आणि ‘सुमारे’ शेऱ्यात टाका.

*सावधान:* आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंकांतला अक्षांश सॉफ्टवेअरला आकडा वाटत नाही, तो मजकूर म्हणून वाचला जातो.

*तपासा:* तक्त्यातल्या कोणत्याही पाच ओळी मित्राला द्या. तुम्हाला काही न विचारता त्याला मूळ साधनातलं पान सापडलं पाहिजे.

टप्पा ३: प्रत्येक ओळीला जागा द्या

गावांच्या नावांवरून अक्षांश-रेखांश आपोआप काढून देणाऱ्या सोयी आहेत. शहरातल्या जुन्या जागांसाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही आणि गावांसाठी धोका आहे. कासेगाव पंढरपूर तालुक्यात आहे आणि सांगलीच्या वाळवा तालुक्यातही आहे. यंत्र त्याला आधी सापडेल ते देतं. त्यामुळे गावाच्या नावाशेजारी तालुका आणि जिल्हा लिहिल्याशिवाय शोध घेऊच नका.

त्याहून फसवी गोष्ट उजनीची. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि करमाळा तालुक्यातली भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली जाऊन दुसरीकडे वसली. नाव तेच, जागा वेगळी. १९५० च्या कागदातलं गाव आजच्या नकाशावर शोधलंत तर पुनर्वसित गावठाणावर ठिपका पडतो आणि तो चुकलाय असं कुठेच दिसत नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावासाठी धरणापूर्वीचा नकाशा बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर (तपशीलवार भूनकाशांवर) मूळ गावठाणं दिसतात.

शहरातल्या जागांसाठी स्वतः फिरणं सगळ्यांत खात्रीचं. मुलाखत देणाऱ्या आजोबांना बरोबर घेता आलं तर फारच चांगलं. नकाशावर न सांगता येणारी जागा ते चालताना बरोबर दाखवतात. फोनवर जीपीएसची नोंद घ्या आणि आजूबाजूचं एक पक्कं ठिकाण शेऱ्यात लिहा.

आता तीन चुका, ज्या फार जण करतात.

पहिली, अंश आणि मिनिटं यांचा घोळ. १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.४० नव्हे. ४० ला ६० ने भागायचं: १७.६६७. ही एक चूक ठिकाण सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला नेते. सोलापूरचं ठिकाण तेवढ्याने भीमेच्या आसपास जाऊन पडतं, पण नकाशावर ते अगदी खरं दिसतं.

दुसरी, अदलाबदल. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. सोलापूरसाठी एक्स सुमारे ७५.९ आणि वाय सुमारे १७.६६. उलटं भरलंत तर सोलापूर थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जातं. आपला जिल्हा नकाशावर दिसत नसेल तर आधी तिकडे बघा.

तिसरी, खोटी अचूकता. दशांश चिन्हानंतर चार आकडे म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर. फक्त पेठ माहीत असलेल्या ठिकाणाला सहा आकडे देणं म्हणजे नसलेली माहिती देणं. ‘ख’ श्रेणीच्या ओळींना पेठेचा मध्यबिंदू द्या आणि शेऱ्यात तसं लिहा.

*सावधान:* जागा माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. शून्य भरलंत तर तो ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जातो.

टप्पा ४: आता सॉफ्टवेअर, आणि एक फोल्डर

क्यूजीआयएस मोफत आहे. अधिकृत संकेतस्थळावरून दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती उतरवा, सगळ्यांत नवी नको. फाइल एक जीबीहून मोठी आहे, तेव्हा विद्यापीठाच्या किंवा वाचनालयाच्या वाय-फायवर हे काम करा. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

कामासाठी एक फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत. त्यात चार उपफोल्डर: मूळ, तक्ते, लेयर, छापील. ‘मूळ’मधल्या फाइलला कधीच हात लावायचा नाही. प्रोजेक्टची फाइल याच फोल्डरमध्ये ठेवा. डाउनलोड आणि डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइल जोडलेला प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर उघडला की लेयर सापडत नाहीत. तोंडी परीक्षेच्या दिवशी हे कळणं परवडत नाही.

टप्पा ५: निर्देशांक प्रणाली

निर्देशांक प्रणाली म्हणजे ठिकाणाचे आकडे कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या एककात लिहायचे ते. प्रत्येक प्रणालीला ईपीएसजी हा ठरलेला क्रमांक असतो. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सोडून दिला जातो आणि मग अंतरं, क्षेत्रफळं सगळंच चुकतं. सोलापूरपुरतं इतकं लक्षात ठेवा.

अक्षांश-रेखांश असलेल्या तक्त्याची प्रणाली ईपीएसजी ४३२६. ती अंशांत मोजते. अंतर, क्षेत्रफळ आणि परीघ (‘बफर’, म्हणजे ठिकाणाभोवती ठरावीक अंतरावर काढलेला घेर) यांसाठी मीटरमध्ये मोजणारी हवी. यूटीएम ही तशी, पृथ्वीचे पट्टे पाडणारी प्रणाली: सोलापूर तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. ओपनस्ट्रीटमॅपचा पार्श्वनकाशा ईपीएसजी ३८५७ मध्ये येतो. तो बघण्यासाठी ठीक, मोजण्यासाठी नाही. सोलापूरच्या अक्षांशावर त्यातली लांबी सुमारे ५ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १० टक्के फुगतं. त्या प्रणालीत मिलभोवती ५०० मीटरचा परीघ काढलात तर जमिनीवर तो ४७६ मीटरच असतो. ४३२६ मध्ये ५०० लिहिलंत तर ते ५०० अंश होतात आणि पडद्यावर नुसता रंगाचा चौकोन येतो.

म्हणून प्रोजेक्टची प्रणाली ३२६४३ ठेवा. उजव्या कोपऱ्यात खाली ती दिसते, तिथेच बदलता येते. पण प्रोजेक्ट बदलला म्हणून लेयर बदलत नाही. परीघ लेयरच्याच एककात निघतो.

*सावधान:* ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (सीआरएस म्हणजे निर्देशांक प्रणाली). पहिलं फक्त पाटी बदलतं, आकडे तेच राहतात. दुसरं आकडे खरोखर बदलून नवी फाइल देतं. मीटर हवे असतील तर दुसरं. लेयर चुकीच्या जागी दिसतोय म्हणून पाटी बदलून बघत बसणं हे मला दिसणाऱ्या चुकांत पहिल्या क्रमांकावर आहे.

टप्पा ६: तक्ता आत घ्या

तक्ता सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात साठवा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, यूटीएफ-८ म्हणजे मराठी अक्षरं नीट जपणारी सांकेतिक पद्धत. एक्सेलमध्ये साधं सीएसव्ही निवडलंत तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मग लेयर मेन्यूतून अ‍ॅड लेयर, अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर. एन्कोडिंग यूटीएफ-८, एक्सला रेखांशाचा रकाना, वायला अक्षांशाचा, प्रणाली ४३२६. खाली नमुन्याच्या ओळी दिसतात. तिथे मराठी नीट वाचता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

ठिपके दिसले की लेयर लगेच जिओपॅकेज (सगळा लेयर एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) म्हणून निर्यात करा आणि तेव्हाच प्रणाली ३२६४३ निवडा. शेपफाइल हा जुना प्रकार टाळा. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे तिसऱ्या चिन्हानंतर नाव तुटतं. शिवाय ती एक फाइल नसून चार-पाच फाइलींचा जुडगा असतो. एक पाठवायची राहिली की सगळं अडलं.

*तपासा:* तक्त्यातल्या ओळी किती आणि लेयरमधले ठिपके किती? फरक असेल तर तो तुम्ही रिकाम्या ठेवलेल्या ओळींइतकाच हवा. मग सिद्धेश्वर मंदिर किंवा रेल्वे स्टेशनसारखं एक माहितीचं ठिकाण मोठं करून बघा.

टप्पा ७: जुना नकाशा जागेवर बसवणं

नकाशा फोनने टिपू नका, कडा वाकतात. सपाट ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि समास कापू नका. त्यातच अक्षांश-रेखांश, वर्ष आणि प्रमाण असतं. सोलापूर शहर ४७ ओ या मालिकेतल्या १४ क्रमांकाच्या टोपोशीटवर येतं.

लेयर मेन्यूतून जिओरेफरन्सर (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागेवर बसवणारं साधन) उघडा, स्कॅन घ्या आणि जुळणीचे बिंदू द्या. जुन्या नकाशावरच्या जागेवर क्लिक, मग ‘फ्रॉम मॅप कॅनव्हास’ निवडून आजच्या नकाशावर तीच जागा.

कोणते बिंदू निवडता, यावर सगळं अवलंबून आहे. भुईकोट किल्ल्याचे बुरुज उत्तम. जुन्या देवळाचा किंवा दर्ग्याचा कोपरा चांगला. सिद्धेश्वर तलावाचा काठ नको. पाण्याची पातळी बदलली की काठ बदलतो. रुंद केलेल्या रस्त्याची कडही नको, चौकाचा मध्य त्यातल्या त्यात बरा. होम मैदानासारख्या मोकळ्या जागेत नेमका बिंदू मिळत नाही. नकाशा ताणून बसवण्याच्या पद्धतींपैकी पॉलिनोमियल १ साठी तीन आणि पॉलिनोमियल २ साठी सहा बिंदू किमान लागतात, पण आठ-दहा द्या. ते चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत. किल्ल्याभोवतीच दहा बिंदू दिलेत तर किल्ला बरोबर बसतो आणि मिलचा परिसर लांब सरकतो.

नवख्याने पॉलिनोमियल १ पासून सुरुवात करावी. तक्त्यात प्रत्येक बिंदूची चूक पिक्सेलमध्ये दिसते. तिचे मीटर करून वाचा: ५०,००० ला १ या प्रमाणाचा नकाशा ३०० डीपीआयवर असेल तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सव्वाचार मीटर. पाच पिक्सेलची चूक म्हणजे २१ मीटर. गाव दाखवायला ते चालेल, घर दाखवायला नाही. एखाद्याच बिंदूची चूक मोठी असेल तर तो पुन्हा बघा. आकडा सुंदर दिसावा म्हणून बिंदू काढून टाकणं म्हणजे स्वतःला फसवणं.

*सावधान:* थिन प्लेट स्प्लाइन ही बसवण्याची पद्धत निवडली की चूक शून्य दिसते. ती पद्धत प्रत्येक बिंदू ओढून जागेवर आणतेच, त्यामुळे त्या शून्याला अर्थ नाही. कागद खरंच वाकडातिकडा असेल तरच ती वापरा.

*सावधान:* टोपोशीटच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश जुन्या एव्हरेस्ट लंबगोलावरचे (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरचे) असतात. ते आजचे समजून भरलेत तर सोलापूरच्या भागात अख्खा नकाशा शंभरेक मीटर बाजूला बसतो. जमिनीवरचे पक्के बिंदू घेतलेत तर ही अडचण येत नाही.

*तपासा:* दोन-तीन चांगले बिंदू जुळणीत न वापरता मुद्दाम बाजूला ठेवा. नकाशा बसल्यावर ते किती मीटर चुकतात ते मोजा. प्रबंधात लिहायचा आकडा हा. जुळणीच्या बिंदूंची फाइलही साठवा.

टप्पा ८: सीमा जोडताना

तालुक्यांच्या आकृत्यांना आपली आकडेवारी जोडताना नावावर जोडणी करू नका. ‘मंगळवेढा’ आणि ‘मंगळवेढे’ जुळत नाहीत. शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही पुरते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं. जनगणनेचा संकेतांक वापरा आणि तो दोन्हीकडे मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं.

मोठी चूक मात्र काळाची आहे. आज ११ तालुक्यांचा असलेला जिल्हा १९४८ पूर्वी असा नव्हता. अक्कलकोट वेगळं संस्थान होतं, मंगळवेढं सांगली संस्थानात होतं, आणि नळदुर्ग-तुळजापूरकडे निघालं की निजामाची हद्द लागायची. १९३१ च्या जनगणनेचे आकडे आजच्या आकृत्यांत भरलेत तर जो जिल्हा दिसेल तो कधीच नव्हता. त्या काळच्या सीमा बसवलेल्या जुन्या नकाशावरून स्वतः आखा. ते जमत नसेल तर गावांचे बिंदूच दाखवा.

टप्पा ९: शंका दिसू द्या

‘खात्री’ रकान्यावर कॅटेगराइज्ड शैली (प्रत्येक श्रेणीला वेगळं चिन्ह) लावा. क भरीव ठिपका, ख पोकळ वर्तुळ, ग फिकट आणि मोठं वर्तुळ. ‘पूर्वभाग’ आखायचा असेल तर ठळक रेष नको. पाच-सहा जणांकडून स्वतंत्रपणे आखून घ्या आणि सगळ्या आकृत्या पारदर्शक रंगात एकावर एक ठेवा. जिथे सगळ्यांचं एकमत तिथे रंग आपोआप गडद होतो.

हीटमॅप, म्हणजे ठिपक्यांची दाटी रंगाने दाखवणारा नकाशा, बहुतेक वेळा टाळाच. चौदा मुलाखती एका पेठेत आणि दोन दुसरीत घेतल्या असतील तर तो लाल डाग कामगारांची दाटी दाखवत नाही, तुमची पायपीट दाखवतो.

लोकांची राहती घरं नेमकी दाखवू नका. कुणी पोलिसांविषयी, कर्जाविषयी, जातीविषयी विश्वासाने बोललेलं असतं. छापायच्या नकाशासाठी लेयरची वेगळी प्रत करा आणि तीत ठिपके पेठेच्या मध्यावर आणा. नेमकी जागा असलेली प्रत कुणालाही देऊ नका.

टप्पा १०: छापणं आणि जपणं

प्रिंट लेआउटमध्ये प्रमाणपट्टी, सूची, साधन आणि वर्ष टाका. ओपनस्ट्रीटमॅप वापरला असेल तर त्याच्या योगदात्यांचा उल्लेख बंधनकारक आहे. गूगलच्या चित्रांवरून रेषा गिरवून डेटा तयार करणं त्यांच्या अटींत बसत नाही. देशाची बाह्य सीमा दिसत असेल तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेल्या आकृत्या तशाच छापू नका.

मराठीसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट घ्या. पीडीएफ काढताना मजकूर ‘पाथ’ म्हणून निर्यात करा, नाहीतर जोडाक्षरं तुटण्याची भीती असते. ‘अक्कलकोट’ आणि ‘सिद्धेश्वर’ हे दोन शब्द छापील प्रतीवर वाचून बघा.

प्रत काढताना आधी क्यूजीआयएस बंद करा. ते चालू असताना जिओपॅकेजमधला ताजा बदल शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत असू शकतो आणि पेन ड्राइव्हवर जुनीच प्रत जाते. शेवटी फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: क्यूजीआयएसची आवृत्ती, निर्देशांक प्रणाली, प्रत्येक लेयर कुठून आला, खात्रीच्या तीन श्रेणींचा अर्थ, जुन्या नकाशाची मोजलेली चूक. तिच्यावर तारीख घाला आणि तक्त्यात ओळ बदललीत की तीही बदला.